कालचं जेवण आणि आजची साखर

समजा, एका धडधाकट माणसाने वजन उतरवायचं मनावर घेतलं. भात बंद, पाव बंद, बटाटा बंद, साखर तर बंदच. तीन आठवडे त्याने अंडी, मासे, पालेभाज्या आणि सुकामेवा यांवर काढले. चार किलो उतरले, अंग हलकं वाटायला लागलं. त्याच उत्साहात तो रक्त तपासायला गेला आणि त्याची जीटीटी, म्हणजे ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट, झाली. या तपासणीत रात्रभर उपाशी राहायचं, सकाळी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून पाचेक मिनिटांत प्यायचं आणि दोन तासांनी रक्तातली साखर मोजायची. १४० च्या आत आली तर ठीक, १४० ते १९९ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, २०० आणि त्यापुढे मधुमेह. त्याचा आकडा आला १६५. तीन आठवडे ज्याने साखरेचा कण तोंडात घातला नाही, तो उंबरठ्यावर कसा?

हा माणूस मी कल्पनेतला घेतलाय, पण असा आकडा हातात घेऊन रात्रभर न झोपलेली माणसं खरी आहेत. त्यांना आधी कुणी सांगितलेलंच नसतं की जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांनुसार या तपासणीआधीचे तीन दिवस रोज निदान १५० ग्रॅम कर्बोदकं खाल्लेली असायला हवीत. ती खाल्ली नसतील तर आकडा फसवा येऊ शकतो. ही अट कुठून आली हे समजलं, की आपलं शरीर कर्बोदकांचं काय करतं याचा अर्धा उलगडा होतो.

१९२७ साली अमेरिकेतल्या जे. शर्ली स्वीनी नावाच्या डॉक्टरने निरोगी वैद्यकीय विद्यार्थ्यांचे चार गट केले. दोन दिवस एका गटाला फक्त कर्बोदकं, दुसऱ्याला फक्त स्निग्ध पदार्थ, तिसऱ्याला फक्त प्रथिनं, आणि चौथ्याला काहीच नाही. तिसऱ्या दिवशी सगळ्यांना ग्लुकोज पाजलं. कर्बोदकं खाणाऱ्यांनी ते सहज पचवलं. प्रथिनवाल्यांची साखर जरा जास्त चढली. स्निग्ध खाणाऱ्यांची आणि उपाशी राहिलेल्यांची साखर मात्र इतकी चढली आणि इतकी रेंगाळली की नुसता कागद बघणाऱ्याला हे मधुमेही वाटले असते. विद्यार्थी निरोगीच होते. बदललं होतं ते फक्त दोन दिवसांचं जेवण. पुढे १९३५ मध्ये इंग्लंडमध्ये हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनीही हेच दाखवलं: जेवणात कर्बोदकं जितकी जास्त, तितकं निरोगी माणसाचं शरीर इन्सुलिनला, म्हणजे रक्तातली साखर उतरवणाऱ्या हार्मोनला, चटकन दाद देतं.

साखर खाल्ली की साखर वाढते आणि सोडली की साखर हाताळायची ताकद वाढते, हा आपला सरळ हिशोब इथे चुकतो. शरीर कालच्या जेवणावरून आजची तयारी करतं.

ही तयारी कसली, ते बघण्याआधी घासाचा प्रवास बघू. साधा पाव किंवा कोरडा भात घ्या, तोंडी लावायला काही नको. एक घास तोंडात घ्या आणि गिळायची घाई न करता मिनिट-दीड मिनिट चावत राहा. सुरुवातीला चव जवळपास नसतेच. मग घास ओला होतो, सैल पडतो, आणि हळूहळू जिभेच्या कडांना गोडवा जाणवायला लागतो. बाहेरून कुणी साखर घातलेली नाही. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या हजारो मण्यांची माळ. लाळेतलं अमायलेज हे एन्झाइम ती माळ तोडतं आणि दोन-दोन मण्यांचे तुकडे, म्हणजे माल्टोज, सुटे होतात. माल्टोज गोड लागतं.

हे अमायलेज सगळ्यांच्या लाळेत सारखं नसतं. ते बनवणाऱ्या जनुकाच्या कुणाकडे दोन प्रती असतात, कुणाकडे दहाहून जास्त. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरनिराळ्या समाजांची तुलना केली होती. जपानी लोक किंवा टांझानियातले कंदमुळांवर जगणारे हाड्झा यांचं खाणं पिढ्यान् पिढ्या स्टार्चचं. त्यांच्यात या जनुकाच्या प्रती सरासरीने जास्त निघाल्या. मासे, मांस, दूध यांवर जगत आलेल्या समाजांत कमी. म्हणजे 'कालचं जेवण' हा काल हजारो वर्षं मागेही जातो.

पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडाचं अमायलेज उरलेल्या माळा तोडतं आणि आतड्याच्या अस्तरावरची एन्झाइम्स शेवटचे मणी सुटे करतात. माल्टोजला एक एन्झाइम, साध्या साखरेला दुसरं, दुधातल्या साखरेला, म्हणजे लॅक्टोजला, तिसरं. यातली काही एन्झाइम्स जेवणाप्रमाणे कमी-जास्त होतात. माणसांच्या आहारात काही दिवस साखर वाढवली, की अस्तरावरचं साखर फोडणारं एन्झाइम वाढतं, हे १९६० च्या दशकातच मोजलं गेलंय. लॅक्टोजचं एन्झाइम मात्र हट्टी आहे. जगातल्या सुमारे दोनतृतीयांश प्रौढांमध्ये ते लहानपणानंतर ओसरतं आणि कितीही दूध प्यायलं तरी परत वाढत नाही. तरीही अशी बरीच माणसं रोज थोडं-थोडं दूध पीत राहिली तर काही आठवड्यांत त्यांचा त्रास कमी होतो. कारण सवय आतड्याला लागत नाही, मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना लागते. लॅक्टोजवर जगणारे जिवाणू तिथे वाढतात आणि वायू कमी होतो.

सुटं झालेलं ग्लुकोज रक्तात उतरतं. आता एक आकडा लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरतं. मोठ्या माणसाच्या सुमारे पाच लिटर रक्तात उपाशीपोटी मिळून साडेचार ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज असतं. एक चमचाभर! आणि जीटीटीत आपण त्याच्या सोळा-सतरापट ग्लुकोज एका दमात पोटात ओततो. तरी निरोगी माणसाच्या रक्तातला तो चमचा दोन तासांत पुन्हा चमचाच राहतो. मला शरीरातल्या ज्या गोष्टींचं मनापासून नवल वाटतं, त्यांत ही पहिली.

हे साधतं इन्सुलिनमुळे. आणि स्वादुपिंड रक्तातली साखर वाढण्याची वाट बघत बसत नाही. आतड्याला ग्लुकोज लागलं, की तिथूनच जीएलपी-१ आणि जीआयपी ही हार्मोन्स सुटतात आणि स्वादुपिंडाला आगाऊ वर्दी देतात. म्हणून तेवढंच ग्लुकोज शिरेतून दिलं तर कमी इन्सुलिन सुटतं आणि तोंडाने घेतलं तर कितीतरी जास्त. वजन आणि मधुमेहासाठी आज ज्या इंजेक्शनांची चर्चा घरोघरी चालते, ती याच जीएलपी-१ ची नक्कल करतात.

इन्सुलिन सुटलं, की यकृत स्वतःकडचं ग्लुकोज रक्तात सोडणं थांबवतं. स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींत आत दडवून ठेवलेली दारं पृष्ठभागावर येतात आणि ग्लुकोज आत शिरतं. चरबीच्या पेशी आपली चरबी रक्तात सोडायच्या थांबतात. आत आलेलं ग्लुकोज एकतर तिथल्या तिथे जळतं, नाहीतर ग्लायकोजेन म्हणून साठतं. यकृतात साधारण १०० ग्रॅम मावतं, सगळ्या स्नायूंत मिळून ४०० ग्रॅमच्या आसपास. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेन सोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. भात-पाव सोडल्यावर पहिल्या आठवड्यात काटा झरझर खाली येतो, त्यात हे पाणी बरंच असतं. कर्बोदकं पुन्हा सुरू केली की दोन दिवसांत दोन किलो परत, आणि माणूस हताश होतो. ती चरबी नव्हे हो, ते पाणी आहे!

आता त्या १६५ वाल्या माणसाकडे परत येऊ. तीन आठवडे त्याच्या पोटात कर्बोदकं जवळपास गेलीच नाहीत. पण मेंदूला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं, आणि लाल रक्तपेशींना तर त्याखेरीज दुसरं काही चालतच नाही. मग शरीर काटकसर करतं. यकृत प्रथिनांपासून थोडं ग्लुकोज बनवतं, मेंदूचा काही भार चरबीपासून बनलेले किटोन उचलतात, आणि स्नायूंना मात्र सांगितलं जातं की तुम्ही चरबी जाळा, ग्लुकोजला हात लावू नका.

हे सांगितलं जातं कसं, ते फिलिप रँडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडलं. पेशीत ग्लुकोज अर्धवट तुटून पायरुव्हेट तयार होतं. ते पूर्ण जाळायचं तर एका फाटकातून आत न्यावं लागतं. पायरुव्हेट डीहायड्रोजिनेज असं त्या एन्झाइमचं लांबलचक नाव आहे. आपण त्याला फाटकच म्हणू. पेशी चरबी जाळत असली, की चरबीपासून बनलेली द्रव्यं या फाटकाला आतून कडी घालतात. उपास किंवा कमी कर्बोदकांचा आहार काही दिवस चालला, की कडी घालणारी यंत्रणाच वाढते. अशा अवस्थेत अचानक ७५ ग्रॅम ग्लुकोज आलं, तर स्नायू ते लगेच घेत नाहीत. इतके दिवस फारसं काम नसल्याने स्वादुपिंडाचा इन्सुलिन सोडण्याचा पहिला झटकाही मंद पडलेला असतो. ग्लुकोज रक्तातच तिष्ठत राहतं आणि यंत्र १६५ दाखवतं.

हा आजार नव्हे, ही बेगमी आहे. तीन दिवस नीट भात, पाव, बटाटा खाऊन तीच तपासणी पुन्हा केली, तर निरोगी माणसाचा आकडा खाली येतो. एवढं मात्र खरं की कुणाला खरोखरच मधुमेह सुरू होत असेल, तर तीन दिवसांनीही आकडा वरच राहील. म्हणून आकडा मनाने धुडकावून लावू नये. डॉक्टरांना आपण काय खात होतो ते सांगावं आणि तपासणी नीट तयारीने पुन्हा करावी. गरोदरपणात तर हे आवर्जून करावं, कारण तिथे पुढचे उपचार या आकड्यावर ठरतात.

हीच कडी रोजच्या जेवणातही दिसते. सकाळी काही न खाता थेट दुपारी जेवलात, तर त्याच जेवणाने साखर जास्त चढते. सकाळचं खाल्लेलं असेल तर कमी. कारण रात्रीपासून रक्तात चरबी फिरत असते, आणि न्याहारीने ती खाली बसते. १९८२ मध्ये टोरंटोच्या डेव्हिड जेन्किन्स यांनी याची पुढची पायरी दाखवली. न्याहारीला मसूर दिले, तर चार तासांनंतरच्या जेवणानेही साखर कमी चढली, जेवण तेच असूनही. मसूर सावकाश पचतात. इन्सुलिन थोडं-थोडं पण बराच वेळ राहतं आणि चरबीला पुन्हा डोकं वर काढू देत नाही. ग्लायसेमिक इंडेक्सची कल्पनाही जेन्किन्स यांचीच, त्याच्या आदल्याच वर्षीची. ५० ग्रॅम कर्बोदकं मिळतील एवढा पदार्थ खाऊ घालायचा, दोन तास साखर मोजत राहायची आणि ग्लुकोजला १०० धरून तुलना करायची. ती यादी उपयोगाची आहे, पण लोक तिला शिलालेख मानतात तेव्हा मला वाईट वाटतं. यादीतला पदार्थ एकटा खाल्लेला असतो. आपण एकटा पदार्थ कधी खातो?

ताटात शेजारी काय आहे, त्यावर बरंच ठरतं. प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ जठराचं रिकामं होणं लांबवतात. डाळी, ओट्स, फळं यांतला विरघळणारा चोथा आतड्यात बुळबुळीत जेल करतो आणि ग्लुकोज अस्तरापर्यंत पोचायला वेळ लागतो. भाज्या आणि प्रथिनं आधी खाऊन भात किंवा पाव शेवटी खाल्ला, तर तेवढ्याच जेवणाने साखर कमी चढते, हे मधुमेही रुग्णांवर मोजून झालंय. यात काही सोडायचं नाही, विकत आणायचं नाही, नुसता क्रम बदलायचा. मला हा उपाय फार आवडतो.

पदार्थाचा आकारही महत्त्वाचा. १९७७ मध्ये इंग्लंडमध्ये काही लोकांना सफरचंदं तीन प्रकारे दिली: अख्खी, गर करून आणि रस काढून. कर्बोदकं तिन्हींत सारखीच. रसाने पोट सर्वांत कमी भरलं, इन्सुलिन जास्त सुटलं, आणि थोड्या वेळाने साखर उपाशीपोटीच्याही खाली घसरली. दात जे काम दहा मिनिटं करणार होते, ते मिक्सरने दहा सेकंदांत करून टाकलं, की आतड्याला मिळणारी उसंत गेली.

आणि शिजवून गार केलेला बटाटा. गरम बटाट्यात स्टार्चच्या माळा पाणी पिऊन फुगलेल्या, मोकळ्या असतात, एन्झाइमला कुठूनही चावा घेता येतो. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवल्यावर यातल्या काही माळा पुन्हा एकमेकींना घट्ट बिलगतात. बटाटा कापून पाहा, सुरीला तो कडक लागतो. हे बिलगलेलं स्टार्च लहान आतड्यात तुटत नाही, आणि पुन्हा गरम केलं तरी त्यातलं बरंचसं तसंच राहतं. पण त्याचं प्रमाण थोडंच असतं. गार भात हवा तेवढा खा, असा त्याचा अर्थ काढू नये.

न तुटलेलं स्टार्च आणि चोथा मोठ्या आतड्यात जातात. तिथले जिवाणू त्यांच्यापासून ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट अशी छोटी आम्लं बनवतात. ब्युटिरेटवर तर मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी जगतात. चोथा रोज मिळाला तर हे जिवाणू टिकतात, नाहीतर दुसरे त्यांची जागा घेतात.

त्या फाटकाची अजून एक गोष्ट सांगायची राहिली. ते चालायला थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व लागतं. १८९० च्या सुमारास क्रिस्तियान आइकमन हे डच डॉक्टर जावा बेटावर बेरीबेरी या हातपाय लुळे पाडणाऱ्या आजाराच्या कारणाचा शोध घेत होते. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या लुळ्या पडायला लागल्या, आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्या झाल्या. चौकशीत कळलं की मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळाच्या मुदपाकखान्यातला उरलेला पांढरा भात मिळत होता. नवा आचारी आला, लष्कराचा भात बिनलष्करी कोंबड्यांना द्यायला त्याने नकार दिला आणि त्यांना पुन्हा बिनसडीचा तांदूळ मिळायला लागला. तांदूळ सडताना जो कोंडा जातो, त्यात थायमिन असतं. त्याविना खाल्लेला भात पेशीपर्यंत पोचतो खरा, पण फाटकाशीच अडतो, आणि ग्लुकोजवर सर्वांत जास्त विसंबणाऱ्या नसा आधी कोलमडतात. या कामासाठी आइकमनना १९२९ चं नोबेल मिळालं.

म्हणूनच बरेच दिवस उपाशी राहिलेल्या माणसाला एकदम पोटभर जेवू घालणं धोक्याचं. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या उपाशी कैद्यांमध्ये हे दिसलं: जेवण मिळालं आणि काही जण त्यानंतर दगावले. अचानक आलेल्या कर्बोदकांनी इन्सुलिन उसळतं, फॉस्फेट आणि पोटॅशियम रक्तातून पेशींत ओढलं जातं, उरलंसुरलं थायमिन संपतं आणि हृदय बिघडतं. आज इस्पितळांत अशा रुग्णाला आधी थायमिन देतात आणि अन्न हळूहळू वाढवतात.

आता उलट्या टोकाचं. कमी खाण्याने फाटकाला कडी पडते, तशी वर्षानुवर्षं गरजेपेक्षा जास्त खाण्यानेही पडते. ही मात्र आपोआप निघत नाही. ग्लायकोजेनची कोठारं भरलेलीच असतात, वरचं सगळं चरबीत जातं. त्वचेखालची जागा अपुरी पडली की चरबी यकृतात साठते. गोड पेयांतलं फ्रुक्टोज तर बहुतांश यकृतातच उतरतं. चरबीने भरलेलं यकृत इन्सुलिनचं ऐकेनासं होतं आणि रात्रभर ग्लुकोज सोडत राहतं. रात्री काही गोड न खाताही सकाळची साखर १४० येते, ती अशी.

न्यूकॅसल विद्यापीठातल्या रॉय टेलर यांनी २०११ मध्ये टाइप २ मधुमेहाच्या थोड्या रुग्णांना आठ आठवडे दिवसाला सुमारे ६०० कॅलरींचा आहार दिला. सात दिवसांत यकृतातली चरबी बरीच उतरली आणि उपाशीपोटीची साखर सामान्य झाली. पुढे ब्रिटनमध्ये मोठी चाचणी झाली. निदान होऊन सहा वर्षांहून कमी काळ झालेल्या रुग्णांना काही महिने सुमारे ८५० कॅलरींच्या आहारावर ठेवलं. वर्षाअखेर त्यांतल्या ४६ टक्के रुग्णांची साखर औषधाविना मधुमेहाच्या पातळीखाली होती. ज्यांचं वजन १५ किलो किंवा त्याहून जास्त उतरलं, त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होतं. हे सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं ठरवून बंद करून केलं होतं. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना घरच्या घरी असा आहार सुरू केला तर साखर धोकादायक इतकी खाली जाऊ शकते. दोन वर्षांनी ३६ टक्के रुग्ण त्या पातळीखाली टिकून होते. ज्यांचं वजन पुन्हा वाढलं आणि मधुमेहही परत आला, त्यांच्या यकृताचे स्कॅन पुन्हा पाहिले, तेव्हा चरबी तिथे परत आलेली होती.